पऱ्हाटीच्या वाटेवरून लॉरी

नकाशात नंदुरबार आणि शहादे यांच्यामध्ये तापी केसाएवढी दिसते. एकदा ती पायाखाली घालावी म्हणून मी जळगावहून निघालो. दुसरं महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. माघ सरत आला होता.

नंदुरबारच्या मालधक्क्यावर एका लॉरीवर बॉयलर चढवला जात होता. तो शहाद्याच्या जिनिंगसाठी, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासाठी, होता. लॉरी लष्कराची, दहा चाकांची. दारावरचा पांढरा तारा नव्या रंगाखालून अजून दिसत होता. ड्रायव्हर वामन लष्करातूनच परतलेला. त्यानं शेजारची जागा पुसून दिली.

तापीपलीकडच्या प्रकाशा गावापर्यंतची वाट कच्ची. लॉरी माणसाच्या चालीनं चालत होती. दोन्हीकडे वेचून रिकामी झालेली कपाशी, वर धूळ, धुळीत ऊन. इंजिनाची घरघर हाडांत उतरली आणि जाग कुठे संपते ते कळेना. वामनचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येई. जिनिंगच्या शेटजींची अट होती. बैल न जुंपता लॉरी नदीपार गेली, तर जिनिंगचा सगळा माल लॉरीवर आणि वामनची नोकरी पक्की. बैल लागले, तर लॉरी विकायची. आजवर ही ओझी प्रकाशाचे गाडीवान नेत. नदीतली वाटही तेच घालत. वाळूवर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, दोन पट्टे अंथरायचे; चाकं त्यांवरून जायची.

प्रकाशासमोर, अलीकडच्या काठावरच्या धर्मशाळेत उतरलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भरीत मिळालं. जाणाऱ्यांनी पांघरूण आपलं न्यावं. नदीवरचा गारठा पहाटे आत शिरतो.

सकाळी धुक्यात पैलतीर नव्हताच. प्रकाशाच्या देवळांचे कळस तेवढे अधांतरी होते. गाडीवान बैल सोडून बसले होते. एकानं लॉरीकडे बोट दाखवून वामनला तिच्या खाण्याबद्दल विचारलं, "तुन्हा हाऊ बैल काय खास रे भाऊ?"

"तुन्हापेक्षा कमीच खास," वामन म्हणाला. सगळे हसले. त्यांचा म्होरक्या सुकदेव आबा हसला नाही.

लॉरी वाळूत उतरली. डावी चाकं पऱ्हाटीवरून चालली. उजवी पट्ट्याच्या बाहेर पडत होती. गाडीवानांनी हाताच्या सवयीनं बैलगाडीच्या चाकांचं अंतर धरलं होतं. लॉरी त्याहून रुंद. धारेजवळ, ओल्या वाळूत, उजवी बाजू खचली. बॉयलर कलला. साखळदंड करकरले. वामननं इंजिन बंद केलं. तेव्हा पाण्याचा आवाज ऐकू आला.

शेटजी काठावरून आले. बॉयलर पाण्यात गेला तर हंगाम गेला, म्हणाले. बैल जुंपायला सांगितलं. वामन स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. गाडीवान उठले, जू उचलायला दोघं वाकलेसुद्धा.

आबानं खाली बसून दोन पट्ट्यांमधली वाळू वितीनं मोजली. मग उठला.

"बैल ऱ्हाऊ द्या, शेट. रस्ता आमना चुकना, गाडी नही चुकनी."

कुणीतरी त्याला हळूच म्हणालं की आबा, पुढच्या हंगामात खाशील काय. आबा पऱ्हाटीचा भारा उचलायला गेला. थोड्या वेळानं बाकीचे गेले. मीही गेलो, काड्या हाताला बोचतात. चाकांपुढची वाळू उपसली, काड्या आडव्या दाबल्या, उजवा पट्टा पैलतीरापर्यंत नव्यानं घातला. धुकं विरलं होतं. लॉरी एकदा मागे सरकली, थरथरली आणि चालू लागली. पाणी बाजूला होत गेलं.

शहाद्यात चार दिवस राहिलो. परतताना त्याच लॉरीत होतो. मागे रुईच्या गाठी होत्या. नदीत समोरून आबाची बैलगाडी आली. वामननं लॉरी वाळूत घालून तिला वाट दिली. दोघांनी एकमेकांना राम राम केला.

घरी येऊन बरेच दिवस झाले. कळस, धुकं पुसट होत चाललंय. डोळे मिटले की ती बैलगाडीच येते. पट्टे आता लॉरीच्या मापाचे आहेत. आबाचं एक चाक पऱ्हाटीवर, दुसरं वाळूत, आणि वाळूकडचा बैल मान खाली घालून दोघांचं ओढतोय.