एवढी एक ओळ सोडून

बाय चर्चमधल्या मिस्सेला सगळ्यांत आधी यायची, सगळ्यांत मागच्या बाकावर बसायची आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणताना एका ओळीला गप्प व्हायची. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, असं आपण मागतो ना, ती ओळ. तिथे तिचे ओठ घट्ट मिटत. पुढची ओळ आली की पुन्हा आवाज खणखणीत. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेतही ती कधी उठली नाही; मनात वैर ठेवून तो घ्यायचा नसतो. मी गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आले तेव्हा घर बायच्या शेजारी मिळालं, आणि उशिरा पोचायच्या माझ्या सवयीमुळे देवळात जागाही तिच्याच शेजारी. म्हणून मला हे ठाऊक.

बाय मासळी विकायची. एकदा धीर करून त्या ओळीचं विचारलं, तर म्हणाली, "खोटं बाजारात बोलावं गो. बोंबील ताजे हायेत म्हनावं. देवलात कशाला?"

कारण मला पुढे कळलं. बायला एकच मुलगी होती, फिलू, चार वर्षांची. एका दुपारी तिला धाकट्या जावेजवळ ठेवून बाय बाजारात गेली. जावेचा जरा डोळा लागला. तेवढ्यात पोर मागच्या मिठागराकडे गेली आणि भरतीच्या पाण्याने भरलेल्या चरात पडली. बाय परतली ती रिकामी टोपली घेऊन, आणि दारात माणसं.

त्या दिवसापासून बाय जावेशी बोलली नाही. अंगण एक, नळ एक. काही सांगायचंच झालं तर मांजराला सांगायची, "मांजरे, नलाला पानी आलं हाय." मग धाकटी मुकाट्याने हंडा घेऊन बाहेर यायची. आम्ही हसायचो. मांजरं बदलली, बाय बदलली नाही. एकदा उपवासकाळात फादर म्हणाले, जुनं टाकून द्या, प्रभू नवं करील. घरी येताना बाय म्हणाली, "टाकायला ते जुनं तरी व्हाया पायजे. माजं रोज सकाली नवंच असतं."

मग धाकटीच्या डोक्याने दगा दिला. स्वतःच्या सुना ओळखीना, जेवल्याचं आठवेना. ती एक दुपार मात्र तिच्या डोक्यात अडकून बसली. रोज जेवून पडायची आणि तीनच्या सुमाराला दचकून उठायची, "फिलू कुठं गेली?" मग अनवाणीच मिठागराच्या वाटेला. आता तिथे कसलं मिठागर! बिल्डिंगी आणि ओळीने लावलेले टेम्पो. टेम्पोखाली वाकून वाकून शोधायची. ओळखीचा रिक्षावाला आणून सोडायचा, बायला म्हणायचा, "आंटी, अम्मा फिर निकल गई थी." बाय दार लावून घ्यायची. मला राग यायचा. मी म्हटलं, बाय, आता तरी. म्हणाली, "ती शोधते ती पोर माजी हाय. मी काय करू?"

एक दिवस मी भाजी घेऊन येत होते. धाकटी रस्त्याच्या कडेला बसून छाती पिटत होती, "बायला आता तोंड कसं दाखवू?" आणि बाय तिच्यासमोरच उभी. धाकटीला ओळख पटली नव्हती. बाय तिच्याजवळ खाली बसली.

"फिलू घरी हाय. निजली हाय. चल तू."

"बाय रागावली?"

मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. बायने पदराने तोंड पुसलं. "न्हाय रागावली."

मला वाटलं, सुटली बिचारी. कसली सुटते! धाकटी दुसऱ्या दिवशी सगळं विसरलेली, पुन्हा तीन वाजता वाटेवर. बायला रोज जायचं, रोज तेच सांगायचं. काही दिवस दातओठ खात सांगायची. काही दिवस जमायचंच नाही, मग मला पाठवायची. म्हणायची, "काल दिलेली माफी आज शिली होते गो. रोज नवी रांधावी लागते."

एका रविवारी ती प्रसादाच्या रांगेसाठी उठली. मी गुडघे बाजूला घेतले. बाहेर आल्यावर विचारलं, ती ओळ आता मनात म्हणतेस का? "अर्धी म्हनते. बाकीची त्यानं समजून घ्यावी."

आता दोघीही नाहीत. मी ती ओळ इतकी वर्षं घडाघडा म्हणत आले, आता तिथे अडखळते. माझीही दोन माणसं आहेत, ज्यांच्या दारात मी जात नाही.

धाकटी आधी गेली. दफनाला सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. बाय सगळ्यांत शेवटी पुढे झाली, माती हातातच धरून वाकली. लोकांना वाटलं, प्रार्थना म्हणतेय. मी तिचा दंड धरला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"फिलूला तुज्याकडं ठेवते गो. मी येईपरयंत बघ."