टोक झिजलेल्या गोगलगायी

कुणीतरी आळस केला! शंखाचं टोक झिजलंय का, एवढंही न बघता बोथट टोकाची गोगलगाय वेगळी जात ठरवली आणि पुढच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून आमच्या भिवंडीच्या कॉलेजात लॅबच्या कपाटाचे दोन खण अडलेले. खालच्यात टोकदार, वरच्यात बोथट. शिपाई रघुमामांचा डबा बिचारा खिडकीत, मुंग्यांच्या स्वाधीन! दोन्ही जाती एकच आहेत, हे सिद्ध करायचं मी एमएस्सीला असताना डोक्यात घेतलं आणि किस्से साठायला लागले.

*

कोन गावच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून गोगलगायी वेचत होतो. काठावर कपडे धुणाऱ्या काकूंनी विचारलं, "कालवनाला नेतंस का रं?"

"नाही काकू, अभ्यासाला."

"मंग मोठ्या तरी घे. बारक्यांत काय न्हाय!"

मला बारक्याच हव्या होत्या. बारक्यांची टोकं शाबूत, मोठ्यांची झिजलेली. एकाच तळ्यात!

*

बरणी मांडीवर घेऊन धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात अडकलो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "भाई, ये चलते हैं?"

"हळूहळू."

"फिर इनको उतार दो, हमसे पहले पहुँचेंगे!"

*

प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांना तळ्यातला पुरावा पटेना. "ज्या नमुन्यांवरून जाती ठरल्या ते तपासा, नाहीतर प्रबंधात दोन जाती लिहा!"

ते नमुने मुंबईच्या एका संग्रहालयात. तिथल्या बाईंनी दोन्ही जुने शंख समोर ठेवले, आतलं वाळलेलं मांस काढायची परवानगीही दिली. "पण शंखाला ओरखडा गेला, तर तुम्हालाच स्पिरिटच्या बरणीत घालीन!"

*

मांस भिजवून विरघळवलं, की गोगलगायीच्या जिभेवरची दातेरी पट्टी उरते. दोन्हींचे दात वेगळे निघाले असते, तर माझं सगळं काम पाण्यात!

स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि बाहेर निजामपुऱ्यातले कापडाचे लूम एकदम गप्प झाले. लोडशेडिंग! मायक्रोस्कोपचा दिवा गेला. मी ओरडलोच.

"ओरडतोस काय?" माझ्या गाइड पाटील मॅडम म्हणाल्या. "अकरावीच्या पोरांचा आरशाचा मायक्रोस्कोप आण."

खिडकीतल्या उन्हात पहिली स्लाइड बघितली. मग दुसरी. मग परत पहिली. सारखे! दात अगदी सारखे!

मॅडमनी स्वतः बघितलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलास रे! एक जात गेली!"

दारात उभे असलेले रघुमामा कपाटाकडे बघत म्हणाले, "म्हणजे वरचा खण रिकामा ना? उद्यापासून माझा डबा तिथं!"