खिंडीच्या अलीकडे

अंगारकी चतुर्थीच्या दिवशी, काश्मीरमधली एक उंच खिंड चढायची असताना, मी कडक उपास धरला आणि अर्ध्या चढावर आडवा झालो. त्यामुळे बायकोचा ट्रेक बुडाला. झालं ते एवढंच. पुढे सगळे तपशील आहेत, आणि तपशिलात माझी शोभा जास्त आहे.

मी भाविक वगैरे माणूस नाही. संकष्टी मी खिचडीसाठी करतो. आमच्या डोंबिवलीच्या घरी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी असते, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, कधी बटाट्याचा कीस. चंद्र उगवेपर्यंत मी इतकं खाल्लेलं असतं की मोदकाला जागा उरत नाही. तरी करतो जागा. ऑफिसात असताना लोक म्हणायचे, साहेबांचा उपास कधी चुकत नाही. कसा चुकेल?

ट्रेक बायकोचा होता. ती कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. हिमनदी डोंगराच्या कुशीत वाटीसारखा खड्डा कोरते, त्याला हिमगव्हर म्हणतात, हिमनदी वितळून गेली की त्या वाटीत पाणी साठतं आणि तळं होतं, हे तिने निळ्या खडूने फळ्यावर किती वर्षं काढलं असेल याचा हिशोब नाही. घरी पेपर तपासताना मधेच म्हणायची, "मी न बघितलेलं शिकवते अहो. पोरांना कळत नाही म्हणून चालतंय." मी म्हणायचो, "मग इतिहासवाल्यांनी काय करायचं?" आणि स्वतःच हसायचो.

ती निवृत्त झाली तोपर्यंत गुडघे गेले होते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, मग म्हणाले, "डोंगर चढायचाच असेल तर याच मोसमात जाऊन या. मग गुडघे बदलू. बदलल्यावर मात्र डोंगर विसरायचे. तान्ह्या पोराची काळजी घ्यावी तशी घ्यावी लागेल त्यांची." हे आम्हा दोघांच्या देखत बोलले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शाळेतल्या दोन मैत्रिणी, एक संस्कृतच्या बाई आणि एक पीटीच्या बाई, काश्मीरमधल्या तळ्यांच्या ट्रेकला जाणार होत्या. गाइड, स्वयंपाकी, तंबू, सामानाला खेचरं, सगळी व्यवस्था असलेला ट्रेक. तिने त्यांच्यासोबत नाव घातलं. माझं नाव त्यात नव्हतं. ते मी घातलं. "तिघी बायका, परका मुलूख," मी म्हणालो, "कोणीतरी पुरुषमाणूस नको का?" तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "या. पण तिथे मला तुमच्याकडे बघायला वेळ होणार नाही."

मग तिने तयारी केली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तूरडाळीची पाकिटं, आणि आमच्या इमारतीचे जिने वर-खाली, वर-खाली. गुडघ्यांना पट्टे. रविवारी मलंगगडाच्या पायऱ्या. मीही तयारी केली, म्हणजे बूट घेतले.

तिकडे पोचल्यावर सुरुवातीला सगळं ठीक होतं. देवदारांतून वाट, मग मोकळी कुरणं, नदी. गाइड तिथलाच, पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्याने आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं की उद्या खिंड आहे, हळू चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि खिंडीच्या पलीकडे उतरलं की पहिलं तळं. "उसके बाद तो झीलें ही झीलें हैं." बायको चहाचा कप हातात धरून ऐकत होती. चहा गार झाला तरी प्यायली नाही. तिने त्याला विचारलं, तळ्याच्या तोंडाशी दगडगोट्यांचा बांध आहे का. तो म्हणाला, है मॅडम, बडा है. "हिमोढ," ती मला म्हणाली. मी मान डोलावली.

तेवढ्यात संस्कृतच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, उद्या अंगारकी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "हो तर. माझी कधी चुकलेली नाही."

"इथेसुद्धा करणार, भावोजी?"

"देव काय डोंबिवलीतच असतो का?"

दोघी बायांनी एकमेकींकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्याकडे निवृत्तीनंतर कोणी पाहिलं नव्हतं. बायकोने पाहिलंच नाही. ती बुटांच्या नाड्या सुकत घालत होती.

सकाळी स्वयंपाक्याने सगळ्यांना पराठे वाढले. मला म्हणाला, "सर जी, आलू उबाल दूँ? आपके व्रत में चलता है, मुझे मालूम है." चालतंच की. बटाट्यावर तर माझी सगळी भक्ती उभी आहे. पण दोघी बाया समोर बसलेल्या. मी विचारलं, "नमक कौनसा है?" साधं होतं. "फिर रहने दो," मी म्हणालो. घरी मी साध्या मिठाचे वेफर्स पाकीटभर खातो. बायकोने माझ्यासाठी आणलेले राजगिऱ्याचे लाडू होते, ते मी पहिल्याच मुक्कामाला संपवलेले, उपास नसताना.

"कमाल आहे हो भावोजींची," पीटीच्या बाई म्हणाल्या. "निर्जळी की काय?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

आता या 'जवळजवळ'ने माझी पंचाईत केली. त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावता येईना. त्या पुढे गेल्या की घोट घ्यायचा असं ठरवलं, पण त्या पुढे जाईनात. मला सोबत करत होत्या.

निघायच्या आधी बायको जवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "अहो, पुरे झालं. दोन बटाटे खा. कोणी बघत नाहीये."

"बघतायत," मी म्हणालो.

चढ दगडांचा होता. वर पाहिलं की खिंड जवळ दिसायची आणि चालून गेलं की तेवढीच लांब. थोड्या वेळाने डोकं ठणकायला लागलं. मग पाय माझे राहिले नाहीत. मी एका मोठ्या दगडाला टेकलो, उलटी झाली, म्हणजे व्हायला पोटात काही नव्हतं, नुसते उमाळे, आणि मग मी बसलो तो आडवाच झालो. आकाश फार निळं होतं. मला आठवतंय मी संस्कृतच्या बाईंचा आवाज ऐकला, "उपासाचं एवढं तेज, आणि बघा." बायकोच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. ती माझी नाडी बघत होती.

गाइडने बोटाला प्राणवायू मोजायचं छोटं यंत्र लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं. मग साधेपणाने म्हणाला, "सर नीचे जाएँगे. ऊपर नहीं." त्याचा एक सहायक मला मागच्या मुक्कामावर नेईल, तिथून खाली गावात. मग बायकोकडे वळून म्हणाला, "मॅडम, आप चल सकती हैं. इनको कुछ नहीं होगा, नीचे उतरते ही ठीक हो जाएँगे. आप ऊपर चलिए."

ती उभी राहिली. वर खिंडीकडे पाहिलं. तिचे गुडघे पट्ट्यांत बांधलेले होते, श्वास अगदी नीट चालला होता. माथा फार लांब नव्हता. इतर माणसं तिथे पोचायला लागली होती, ठिपक्यांएवढी दिसत होती.

मी म्हणालो, "तू जा."

शब्द हेच होते. साक्षीला माणसं आहेत. पण ते मी डोळे मिटून म्हणालो, आवाज ओढून म्हणालो, आणि म्हणताना तिचं मनगट धरलं. आमच्या घरात एका म्हाताऱ्या काकांनी शेवटचं पाणी मागितलं होतं, त्या सुरात. त्या सुरात कोणी 'जा' म्हटलं तर कुठली बाई जाईल? मी मुद्दाम केलं का? मी खूपदा विचारलंय स्वतःला. पूर्ण मुद्दाम नाही. पण पूर्ण चुकूनही नाही. वाटलं असावं, ही गेली तर माझं काय.

तिने गाइडला सांगितलं, "मैं इनके साथ जाती हूँ." पाठीवरची सॅक सारखी केली आणि उतरायला लागली. मैत्रिणींनी तिला मिठी मारली. संस्कृतच्या बाई रडल्या. ती रडली नाही.

आता सगळ्यात वाईट भाग. खाली मुक्कामाच्या जागी पोचलो, सहायकाने तिथल्या मेंढपाळांच्या चुलीवर मला बटाटे उकडून दिले, साध्या मिठाचे. मी चार खाल्ले. वर दोन ग्लास पाणी आणि साखर घातलेला काळा चहा. आणि दुपार उतरायच्या आत मला लख्ख बरं वाटायला लागलं. डोकं मोकळं, पाय जाग्यावर. मी उठून इकडेतिकडे फिरलोसुद्धा. तिने मला फिरताना पाहिलं.

तिने सहायकाला विचारलं, उद्या पहाटे निघून मंडळींना गाठता येईल का. तो म्हणाला, तंबू-शिधा सगळं खेचरांवर पुढे गेलंय मॅडम, मध्ये राहायची सोय नाही, आणि मला सरांना खाली न्यायला सांगितलंय. तिने पुन्हा विचारलं नाही. दगडावर बसून खिंडीकडे बघत राहिली. खिंडीवर ऊन होतं.

"अगं," मी म्हणालो, "अलीकडून पण छान दिसतं."

तिने गुडघ्यांचे पट्टे सोडायला घेतले.

घरी आल्यावर मैत्रिणी फोटो घेऊन आल्या. आमच्या हॉलमध्ये, पोहे, चहा. फोनच्या पडद्यावर एकामागून एक तळी सरकत होती, हिरवी, निळी, एक तर जवळजवळ काळं, काठाला बर्फ. प्रत्येक फोटोत दोघी पुढे उभ्या, हात पसरून. बायकोने चष्मा लावला आणि विचारायला सुरुवात केली. त्या काठावरचे दगड धारदार होते की गोल? पाणी कुठल्या बाजूने बाहेर पडतं? मागच्या कड्यावर ओरखडे दिसत होते का, हिमनदी घासून गेल्यासारखे?

"अगं, ते नाही बघितलं," पीटीच्या बाई म्हणाल्या. "पण इतकं सुंदर होतं ना, स्वर्ग."

"दगड कसे होते, एवढं तरी."

"दगडासारखे गं," संस्कृतच्या बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांना तिचा चेहरा दिसला आणि त्या पोह्यांचं कौतुक करायला लागल्या.

तिने एका फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा केला, मैत्रिणींना बाजूला सारून मागचा काठ बघायचा प्रयत्न केला. मोठा झाला तसा तो फुटत गेला, नुसते राखाडी चौकोन राहिले. तिने फोन परत दिला.

हिवाळ्यात दोन्ही गुडघे बदलले. शस्त्रक्रिया चांगली झाली असं सगळे म्हणतात. ती वॉकर घेऊन हॉलमध्ये चालते, मग काठी घेऊन सोसायटीत. जिने बंद. जमिनीवर बसणं बंद. शाळेतून बोलावणं आलं होतं, नववीच्या मुलांना एखादा तास घ्या म्हणून, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तिने नाही म्हणून कळवलं. मी म्हटलं खुर्चीत बसवून उचलून नेतील, तर म्हणाली, "काय शिकवू त्यांना?"

मी गप्प बसणारा माणूस नाही, हे एव्हाना कळलंच असेल. मी उपाय शोधत राहिलो. हेलिकॉप्टरची चौकशी केली. तळ्यांवरून नेत नाहीत. पालखीत बसवून नेतात का विचारलं, त्या वाटेवर कोणी नेत नाही. मोठ्या पडद्यावर दिसणारा हिमालयाचा माहितीपट लावला, ती पाच मिनिटांत झोपली, की झोपल्यासारखी केली.

परवा नौपाड्यात डॉक्टरांकडे दाखवायला गेलो होतो. त्यांनी गुडघा वाकवून बघितला, खूश झाले. "फार छान. आता सपाटीवर कुठेही फिरा," म्हणाले. खाली आल्यावर मला सुचलं, रिक्षा केली आणि तिला तलावपाळीला घेऊन गेलो. ठाणं तलावांचं शहर, सगळ्यांना माहीत आहे. सपाट आहे. बाकडी आहेत. मी भेळ आणली, तिला तिखट कमी. पाण्यात पायडलच्या होड्या फिरत होत्या, बदकाच्या आकाराच्या. एका बदकात एक जोडपं भांडत होतं.

"बघ," मी म्हणालो, "तळंच आहे. काठ आहे, पाणी आहे."

ती पाण्याकडे बघत राहिली. काठाला प्लास्टिकचे ग्लास जमले होते. भेळेतला कुरमुरा नरम पडला.

मग मी विचारलं, कारण मला राहवलं नाही, आणि मला वाटलं आता इतके महिने झालेत. "तो गाइड तुला वर चल म्हणत होता. मीसुद्धा जा म्हणालो होतो. तू गेली का नाहीस?"

तिने कागदाचा द्रोण नीट मिटला, काठी हातात घेतली.

"मला वाटलं तुम्ही मरताय," ती म्हणाली. "नाटक आहे हे कळलं असतं तर गेले असते."