सांत आंतोनचं तोंड भिंतीकडे

आमच्या डिचोलीच्या हायस्कूलच्या ऑफिसात आम्ही तिघंच. हेडक्लार्क नाईकबाब, टायपिंगला फिलोमिना आणि मी. पंखा जुना, काम रोजचं तेच, त्यामुळे किस्से साठत जातात. झाडून काढावेत तर उद्या तेवढेच परत! त्यातले निम्मे फिलूच्या नवऱ्याचे. नवरा अजून यायचाच होता, ही गोष्ट वेगळी.

*

फिलू देवाकडे नवरा मागायची ती अटी घालून. पहिली अट, बोटीवरचा नको. तिचा बाप बोटीवर होता. लहानपणी एकदा तो सुट्टीवर आला, तर हिनं त्याला बसायला खुर्ची दिली आणि आत जाऊन आईला सांगितलं, "मांय, कोणतरी पावणो आयला!" हे ती हसत सांगायची. आम्हीही हसायचो. मग म्हणायची, "मला रोज संध्याकाळी घरी येणारा पाहिजे. दारात त्याच्या चपला दिसल्या पाहिजेत."

देवाला एवढं बारीकसारीक कशाला सांगायचं, असं नाईकबाबांनी विचारलं. तर म्हणे, स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर भलताच पाठवील.

*

त्यांच्या ख्रिस्ती लोकांत लग्न जुळायला सांत आंतोनला साकडं घालतात. ऐकेना झाला, तर मूर्तीचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं आणि काम झालं की परत वळवायचं. फिलूची मांय रोज सकाळी त्याला भिंतीकडे वळवी आणि संध्याकाळी फिलू घरी गेली की सरळ करी. बिचाऱ्यानं दिवसभर भिंत बघितली ती पुरे, असं तिचं म्हणणं.

नाईकबाब म्हणाले, "आमच्या मुली सोळा सोमवार करतात, स्वतः उपाशी राहतात. तुम्ही देवालाच कोपऱ्यात उभं करता? बरं आहे!"

त्यावर फिलूनं ऑफिसला चहा पाजला.

*

मग पाळी गावचा एक मुलगा सांगून आला. मुलगा कसला, चाळिशीचा बाप्या, पण स्वभावानं गरीब. त्याचे खनिजाचे ट्रक होते. खाण बंद पडल्यापासून ते अंगणात ताडपत्रीखाली उभे.

"म्हणजे संध्याकाळी घरी असणार तो," मी म्हटलं.

"सकाळीही असणार," फिलू म्हणाली. तरी ती तयार होती.

त्याच सुमारास मांय न्हाणीत पडली आणि खाटेला खिळली. फिलूनं निरोप धाडला, मांय माझ्याबरोबर येणार. तिकडून उत्तर आलं, घर लहान आहे.

दुसऱ्या दिवशी टाईप करता करता ती एवढंच म्हणाली, "ट्रकांना जागा आहे. मांयच्या खाटेला नाही."

नाईकबाब चष्मा पुसत बसले.

*

मांयची खाट तिनं अल्ताराजवळ, त्यांच्या घरातल्या देव्हाऱ्याजवळ हलवली, म्हणजे पडल्या पडल्या म्हातारीचा हात मूर्तीला पोचेल. सकाळी भिंतीकडे, संध्याकाळी सरळ, हे चालूच. फिलूच्या अटी मात्र एकेक गळत गेल्या. उंचीची गेली, नोकरीची गेली. एकदा डबा खाताना म्हणाली, "आता बोटीवरचाही चालेल."

"तो का गं?" मी विचारलं.

"तो घरी नसला की मांयची खाट मावेल ना."

मी माझ्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात वाढली.

*

मांय गेली, भर दुपारी, फिलू ऑफिसात असताना. तिच्या महिन्याच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले होते. नंतर घरी चहा-पाव चालला होता, तेवढ्यात पाळीचा तो आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. कप हातात धरून, खाली बघत म्हणाला, "आता तशी काही अडचण नाही, असं बहीण म्हणते."

फिलूनं पावाची बशी त्याच्यापुढे सरकवली. मला वाईटही वाटत होतं आणि बरंही. उशिरा का होईना, दारात चपला आल्या होत्या.

रिकाम्या खाटेच्या उशाशी अल्तार, त्यावर सांत आंतोन, तोंड भिंतीकडे. मनात म्हटलं, झालं बाबा तुझं काम. पदरानं हात पुसले आणि त्याला वळवायला गेले.

"सुलभा, राहू दे," फिलू म्हणाली. "मांयनं ठेवलाय तो तसा."

पाळीच्या माणसानं चहा संपवला आणि दारात जाऊन चपला पायात घातल्या.