फुलझाडांची होडी

लाकूड दिसलं की बोटांच्या पेरांनी ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही काकांची सवय. माझं ऑफिसचं नवंकोरं टेबलही पहिल्याच भेटीत ठोकून झालं. "आतून गेलंय," म्हणाले. महिनाभरात ते खरंच गेलं, पण त्या दिवशी टेबलाची बाजू घ्यायला मी बांधील होतो.

दोन हजार सालाच्या आसपास मी विरारच्या फ्लॅटमधून रोज राजोडीला जाऊन एका रिसॉर्टचा मॅनेजर म्हणवून घेत असे. आमच्या शेठना सौंदर्यदृष्टी होती आणि तिचा त्रास इतरांना होई. गेटजवळ खऱ्या होडीत फुलझाडं लावायची, असं त्यांनी ठरवलं. होडी मिळाली ती गावातल्या या मच्छीमार काकांची. त्यांचे गुडघे गेलेले, समुद्रावर जाणारं घरात दुसरं कुणी नाही. होडी विकल्यावर तिला रंग द्यायचं कामही त्यांनाच मिळालं.

शेठना दोन दिवसांत आकाशी रंग हवा होता. काकांनी तीन आठवडे घेतले. आधी जुना रंग खरवडला, मग पॉलिशपेपर मारला, मग फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वरून राळ भरली.

"काका, ही कुंडी आहे. समुद्रात जायची नाही," मी समजावलं.

"कुंडी तुमच्यासाठी."

"पण तळाला एवढं कशाला? खाली वाकून कोण बघणार?"

"मानूस नाय बघत. पानी बघतं."

अशा माणसापुढे मॅनेजरने काय मॅनेज करायचं?

होडी इतकी देखणी झाली, की शेठ पाहुण्यांना 'आयडिया माझी' असं न विचारता सांगू लागले. ती ओंडक्यांवर चढवली, माती भरली, झेंडू लावला. माळ्याने मनोभावे पाणी घातलं आणि आठ दिवसांत रोपं कुजली. दुसरी लावली, तीही गेली.

"साहेब, पाणी कुठे जातच नाही," माळी म्हणाला. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून खपलेल्या माणसाने आतल्या पाण्याचीही वाट बंद केली होती. शेठनी मला झाडलं आणि तळाला भोकं पाडायचा हुकूम सोडला.

शिव्या एकट्याने का खाव्यात, म्हणून मी काकांना बोलावलं. मातीवर साचलेलं पाणी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"एक थेंब नाय सोडला?"

"नाही, काका."

"म्हंजे अजून चालली असती."

मग मी हुकूम सांगितला. सांगताना माझी मलाच लाज वाटली. सुतार मशीन घेऊन तयार होता. काकांनी त्याला हाताने थांबवलं, घरी जाऊन आपलं गिरमिट आणलं आणि गोणपाट टाकून होडीखाली आडवे झाले.

"किती पाडू?"

"चार."

पहिलं भोक पडलं तसं गढूळ पाणी त्यांच्या छातीवर आलं. ते बाजूला झाले नाहीत. चारही पाडली.

झेंडू मग फारच छान फुलला. काकांची आगाशीच्या बाजाराची वाट आमच्या गेटवरून होती. त्यानंतर ते दुखऱ्या गुडघ्यांनी मागच्या लांबच्या गल्लीने जाऊ लागले.