पूर नाही, पाणी भरलं होतं

आमची पिठाची गिरणी चौक गावाच्या अलीकडे जुन्या रस्त्याला लागून आहे. मागे ओढा आहे. एका बाजूला तांदूळ-गव्हाचं दळण, दुसऱ्या बाजूला मिरची-मसाल्याचं कांडप. गिरणी मी चालवते. माझा नवरा, त्यांना मी मालक म्हणते, भाड्याने टेंपो मारतात आणि गिरणीत काही बिघडलं तर दुरुस्त करतात. पट्टा सुरू असला की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. डबा घ्यायचा, झाकणावर खडूने खूण करायची, दळून परत द्यायचा. मला ते सोयीचं पडतं.

यंत्रं घेतली तेव्हा बँकेने विमा काढायला लावला. दरवर्षी एक कागद यायचा. मालक तो पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. त्यात काय लिहिलंय ते आम्ही कोणी वाचलं नव्हतं. मी चौथी शिकलेली, मला मराठी वाचता येतं. तो कागद इंग्रजीत होता.

ओढ्याने कधी त्रास दिला नव्हता. मग वरच्या अंगाला मोठमोठ्या इमारती उठल्या. त्यांनी शेतांवर भराव टाकला, जमीन माणसाच्या उंचीएवढी वर घेतली. रस्त्याखालची मोरी मात्र जुनीच राहिली. येता-जाता बायका म्हणायच्या, पाणी आता कुठं जानार? म्हणायच्या आणि दळण घेऊन जायच्या.

ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी आमच्याकडे उघडीप होती. म्हणून तर दळणं जास्त आली होती. पाऊस वर डोंगरावर पडत होता, तो आम्हाला नुसता काळा दिसत होता. सकाळी दहाच्या सुमाराला लादीच्या फटीतून पाणी वर यायला लागलं. आधी वाटलं कोणाची बादली सांडली. मग गटार उलटं फिरलं, आणि मागच्या दारातूनही आलं. मी आधी लोकांचे डबे वर फळीवर चढवले, कारण ते लोकांचे. मग आमचे गहू. मोटार खालीच होती, ती उचलणं माझ्या हातात नव्हतं. मी मेन स्विच पाडला आणि फळीला धरून उभी राहिले. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याला होतं. मग आलं तसं गेलं. चिखल, भिजलेली मिरची, आणि जळल्यासारखा एक वास मागे राहिला.

संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा फोन आला. माझं माहेर कर्जतच्या बाजूला. ती म्हणाली, "ताई, पानी भरलं म्हनं तुमच्याकडं? आमच्याकडं तर चांगलं ऊन हाय. आज लावनी उरकली."

विम्यावाल्यांचा माणूस आठवड्याने आला. नुकसान बघायला, लिहून घ्यायला. पन्नाशीचा, पुण्याकडचा, चांगला माणूस होता. चपला बाहेर काढून चिखलात अनवाणी फिरला. मालक टेंपोवर होते. त्याने मलाच विचारलं, "ताई, पूर किती वाजता आला?"

मी म्हटलं, "पूर नाय आला."

त्याने पेन वर उचललं. "मग हे सगळं?"

"पाणी भरलं."

"म्हणजे नदीचं पाणी नाही?"

"नदी कुठं आली इकडं?"

"बरं. पाणी आलं कुठून?"

"खालून. लादीतून वर आलं."

त्याने ते लिहून घेतलं. मागच्या दाराचं त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. त्याने कागदावर माझी सही घेतली. जाताना म्हणाला, "ताई, मी लिहिलंय तुम्ही सांगितलं तेच."

आता हे कसं समजावायचं? आमच्याकडे पूर म्हणजे नदी दारात येते. दारात आलेल्या बाईला रिकामी पाठवत नाहीत, तशी तिची ओटी भरतात. नारळ, हळदकुंकू, मूठभर तांदूळ. मी लहान असताना आईने एकदा भरलेली मला आठवते. पाणी पायरीला लागलं होतं आणि आई पदर सावरून त्याला कुंकू वाहत होती. त्या दिवशी गिरणीत आलेल्या गटाराच्या पाण्याची ओटी कोणी भरली नव्हती. मग तो पूर कसा?

महिन्याभराने उत्तर आलं. आमचा विमा उतरवणारा माणूस चौकला झेरॉक्सचं दुकान चालवतो, मालकांच्या ओळखीचा, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी पत्र वाचून सांगितलं. पुराचं नुकसान मिळतं. जमिनीतून पाझरून आलेल्या पाण्याचं मिळत नाही. पाझर वेगळा आणि पूर वेगळा, आणि आमचा पाझर होता, कारण गिरणीवालीने तसं सांगून सही केली होती.

मालकांनी पत्र घडी घालून पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "येक सबुद. पूर. दोन अक्षरं हायत. तुला म्हनाया काय जड झालं गं?"

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पूर कशी म्हनंल ती? नदी आलीच नाय तर."

"आई, तू मधी पडू नको."

"मधी कुठं? मी तर वट्यावर हाय. त्या मानसाला इचारायचं व्हतं, बाबा, तुज्या पुन्याला गटाराची वटी भरतात का?"

भाऊजी हसले. मालक हसले नाहीत. खोटं बोलायला हवं होतं असं ते म्हणत नव्हते, हे मला कळत होतं. त्या माणसाला जे नाव लागतं ते मला ठाऊक असायला हवं होतं, एवढंच. मला ठाऊक नव्हतं. मोटार चौकच्या गॅरेजमध्ये भरून घेतली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घेतली, पण ती आता तापायची. अर्धा तास चालवून अर्धा तास थांबावं लागायचं. बायका खोळंबायच्या, काही दुसऱ्या गिरणीवर जायला लागल्या. अजून एकदा पाणी आलं तर ती मोटार वाचणार नाही, आणि मोटार गेली की गिरणी बंद, हे आम्हा दोघांना न बोलता कळलं होतं.

पुढच्या वर्षी विमा पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा भाऊजी स्वतः घरी आले. कंपनीने नकाशे केलेत म्हणाले. उपग्रहावरून, कुठे भराव पडला, कुठे पाणी तुंबतं, सगळं त्यात दिसतं. आमचा ओढ्याकाठचा पट्टा त्यात लाल झालाय. हप्ता वाढणार, आणि वाढवूनही पाण्याचं कलम त्यातून काढणार. आगीचं देतील.

मालक म्हणाले, "आग लागायला आमचं काय सुकं हाय का?"

"दादा, मी काय करू? त्यांनापन पैसे द्यावे लागतात. दरवर्षी सगळ्यांकडं पाणी भराया लागलं तर ते कुठून देनार?"

"ज्यांनी भराव टाकला त्यांचा इमा हाय का?"

"त्यांची जागा उंच हाय ना. त्यांना लगेच मिळतो."

सासूबाईंनी चहा आणला.

मग भाऊजींनी दुसरा कागद काढला. बचत गटातल्या बायकांसाठी नवीन आलाय, हा मराठीतही आहे. यात नुकसान बघायला कोणी येत नाही. पाऊस मोजायचं यंत्र असतं. एका दिवसात त्या यंत्रात ठरलेल्या आकड्याच्या वर पाऊस झाला की पैसे आपोआप बँकेत. पूर, पाझर, कसलंच नाव सांगायचं नाही.

"वैनी, तुमच्यासाठीच काढलाय बगा," ते म्हणाले. "तोंड उगडायचं कामच नाय."

मी तो कागद ठेवून घेतला आणि तीन दिवस गिरणीत बसून वाचला. मोटार गार व्हायला ठेवली की वेळ मिळायचाच. दुसऱ्या पानावर यंत्राचं ठिकाण लिहिलं होतं. ते माझ्या माहेरचं गाव होतं. ते यंत्र मला माहीत आहे. शाळेच्या आवारात, तारेच्या कुंपणात उभं असतं. पोरं त्याच्यावर दगड मारतात म्हणून गुरुजी ओरडतात.

मी मालकांना म्हटलं, "त्या दिवशी तिकडं ऊन होतं. लावणी उरकली त्यांची. यंत्रात काय आलं असेल?"

मालक म्हणाले, "मला नको सांगू. भाऊजींना सांग. मागं बोलायचं नव्हतं तवा बोललीस, आता बोल."

म्हणून मी गेले. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती, मी बाहेर उभी राहिले, गर्दी सरल्यावर आत गेले. "भाऊजी, तिकडचा पाऊस आमच्याकडं नसतो. आमचं पाणी डोंगरावरून येतं. यंत्र डोंगरावर पाहिजे."

त्यांनी ऐकून घेतलं. मग कागदांची चळत टेबलावर ठोकून सरळ केली आणि हळू आवाजात म्हणाले, "वैनी, हे त्यांनापन ठाव हाय. परतेक वढ्याला यंत्र लावाया लागले तर झालंच. आपला पट्टा म्हनून येक यंत्र धरलंय. कदी तुमचं चुकंल, कदी त्यांचं चुकंल. घ्यायचं तर घ्या. दुसरं कोन देत नाय."

दुसरं कोणी देत नाही, हे खरं होतं. मी सही केली. या वेळी मला सगळं कळत होतं, आणि तरी तीच सही करावी लागली.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे पाणी आलं नाही. एक दिवस भाऊजी भर पावसात रेनकोट घालून गिरणीत आले आणि पट्ट्याच्या आवाजात ओरडायला लागले. मला काही ऐकू येईना. मी स्विच बंद केला.

"वैनी, आकडा फुटला! काल रातचा पाऊस! पैसे येनार!"

मी आजूबाजूला बघितलं. लादी कोरडी होती. तांदळाच्या पिठात एक चिमणी नाचत होती.

"पण आमच्याकडं तर काय झालंच नाय," मी म्हटलं.

"मी कुठं इचारलं काय झालं ते?"

ते गेल्यावर मी भावजयीला फोन लावला. तिकडच्या ओढ्याने शेताचा बांध फोडला होता. लावलेलं भात वाहून गेलं होतं, आवणाची, म्हणजे पुन्हा लावायला राखलेली रोपंही शिल्लक नव्हती. भाऊ सकाळपासून पंचनाम्याला माणूस बोलवायला फिरत होता. सरकारी लोक म्हणत होते, बघू, यादी करू. मला सांगावं की नाही कळेना. पण तिच्याशी मी काही लपवलेलं नाही. मी सांगून टाकलं की तुमच्या गावच्या यंत्रावर माझा विमा होता, आणि मला पैसे येणार आहेत.

तिच्या मागे पागोळ्यांचा आवाज येत होता.

"म्हंजी ताई," ती म्हणाली, "आमचा पाऊस तुमी इकला?"

आणि हसायला लागली. खूप हसली. मग तिने नाक ओढलं, तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, आले की अर्धे तुझे. ती म्हणाली, "वेडी का तू? तुजी मोटार कोन बगंल?" पहिल्यांदाच तिने मला तू म्हटलं.

पैसे आले तेव्हा मी मालकांना विचारून रोपांपुरते तरी तिकडे पाठवले. आसपासच्या कोणाकडे जास्तीची रोपं होती ती भावाने आणली, उशिरा लावली. पीक थोडंच आलं. उरलेल्यात आम्ही मोटार नवी घेतली नाही. गवंडी बोलावला आणि गिरणीच्या आत कमरेएवढं जोतं बांधून घेतलं. मोटार, दळायचे दगड, कांडप, सगळं त्याच्यावर चढवलं. मालकांचं म्हणणं, विमा गेला खड्ड्यात, आता पाणी आलं तरी खाली येईल आणि जाईल. ते बरोबर बोलले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पाणी दोनदा आलं आणि मोटारीला लागलं नाही. यंत्रात त्या दोन्ही दिवशी काही विशेष नव्हतं.

यंदाचा कागद घेऊन भाऊजी परवा आले होते. आकडा वाढवलाय म्हणाले. मागे बऱ्याच ठिकाणी पैसे द्यावे लागले, म्हणून आता जास्त पाऊस पडल्याशिवाय मिळणार नाहीत. हप्ताही वाढला. मी जोत्यावर उभी होते, ते खाली. दळण टाकायला आता दिवसभर तीन पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. म्हाताऱ्या बायकांना डबा एवढा वर देता येत नाही, त्या खालून नुसता हात लावतात आणि मी वाकून ओढून घेते. संध्याकाळी गुडघे सुजतात. सासूबाई तेल गरम करून देतात.

भाऊजींनी विचारलं, "मग वैनी, यंदा काडायचा का?"

मी म्हटलं, "कागद ठेवून जा."

खाली एक बाई डबा धरून उभी होती. मी तिचा डबा आधी वर घेतला.