तिकडचा पाऊस

आमच्या वैशाखऱ्यात जहाज येत नाही. येते ती एसटी, आणि माळशेज घाटात दरड कोसळली की तीही येत नाही. पण रस्ता मोकळा झाला की येते, म्हणून तिच्यावर कुणी फार दिवस रागावत नाही. एका जहाजावर मात्र आमच्या घरातलं एक माणूस चांगलंच रागावलं होतं. ते आठवलं की मला हसू येतं आणि हसता हसता डोळे भरतात, म्हणून लिहून ठेवते आहे.

माझं माहेर वाशिंदचं. वडील कारखान्यात, भाऊ रोज कल्याणला. भात मला ताटातला ठाऊक, शेतातलं नाही. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शिकशील गो. भात काय इंग्रजी हाय?" शिकले मी. शिकायचे राहिले ते आमचे हे. म्हणजे त्यांना येत सगळं होतं, पण चिखलात उतरले की त्यांचा चेहरा पोलिओचा डोस पाजलेल्या पोरासारखा व्हायचा. त्यांना एका परदेशी प्रवासी जहाजावर नोकरी लागली, तिथल्या लाँड्रीत. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, दिवसरात्र मशिनं चालू. सासरे म्हणाले, "घरची शेती सोडून लोकांच्या चादरी धुवायला चालला." पण निरोप द्यायला मुरबाडच्या स्टँडपर्यंत आले होते.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं. पण गणपतीला हे यायचे होते आणि आले नाहीत. फोनवर म्हणाले, सुट्टी नाकारली. पुढे कळलं ते वेगळंच. वरची जागा मिळायची होती म्हणून ह्यांनी स्वतःच मुक्काम वाढवून घेतला होता. माझ्या माहेरच्या आळीतला एक जण त्याच जहाजावर होता, तो सुट्टीवर आला आणि सहज बोलून गेला. ह्यांनी मलाही ते सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस धड जेवले नाही. त्या दिवसापासून सासऱ्यांनी मुलाच्या फोनवर यायचं बंद केलं. रिंग वाजली की ते गोठ्यात जायचे. म्हशीला इतक्या वेळा पाणी कुणी दाखवत नाही.

भातकापणीला सुरुवात झाली होती तेव्हा ह्यांचा फोन आला. जहाज दुबईहून निघून केरळाकडे जाणार होतं आणि वाटेत एक दिवस मुंबईला लागणार होतं. प्रवासी शहर बघायला उतरणार, ह्यांना दुपारभर सुट्टी. "तुम्ही सगळे गोदीच्या गेटपाशी या, मी बाहेर येतो," असं म्हणाले. सासूबाईंनी ते वाक्य गोठ्याच्या दिशेने मोठ्यांदा परत म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सासरे मला म्हणाले, "जीपवाल्याला सांगून ठेव गो."

मग बघावं त्यांना! आधी न्हाव्याकडे जाऊन आले. मग पांढरा सदरा इस्त्रीला मुरबाडला गेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांनी कापणीचा क्रम बदलला. कापलेलं भात लगेच बांधत नाहीत, ते दोन-तीन दिवस तिथेच शेतात पसरून वाळू देतात आणि मग भारे बांधून खळ्यावर आणतात. सासऱ्यांनी हिशोब असा केला की घराखालचं मोठं शेत आधीच कापून टाकायचं. आपण मुंबईला जाऊन येऊ तोवर ते वाळेल, आणि आलो की बांधू. एवढी घाई का, असं जो विचारेल त्याला ते सांगायचे, "मुंबईला जायचंय. पोराचं जहाज लागतंय." न विचारणाऱ्यालाही सांगायचे.

सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. आमच्या घरात नव्या तांदळाचा पहिला घास सगळ्यांनी एकदम घ्यायचा अशी रीत आहे. एकाने आधी खाल्लं तर नवं उष्टं झालं म्हणतात. कुणी रुसला असेल, कुणी रानात असेल, त्याची वाट बघायची. लवकर येणारं हळवं भात भरडून त्याचे तांदूळ घरात आले होते, पण त्यांना कुणी हात लावला नव्हता. या वर्षी नवं गोदीच्या गेटवर खायचं असं सासूबाईंनी ठरवलं. "तिथं बसायला जागा असंल ना गो?" त्या मला विचारायच्या. मी म्हणायचे असेल. मी कुठे गोदी पाहिली होती!

निघायच्या आदल्या संध्याकाळी, मी दिवे लावत होते तेव्हा फोन आला. आवाज तुटत होता. हे म्हणाले, "जहाज मुंबईला लागत नाही. रद्द झालं. समुद्रात वादळ आहे, लाटा फार आहेत. जहाज आत घेऊन जाणारा जो माणूस असतो, त्याची होडीच आमच्यापर्यंत येऊ शकत नाही. कॅप्टनने आत्ताच सगळ्यांना सांगितलं, सरळ खाली केरळाकडे जातोय." माझ्या हातातली काडी विझून गेली. ते म्हणाले, "ऐकतेस ना? बाबांना सांग, भात पसरलेलं असेल तर उचला. हे वादळ किनाऱ्याकडे वळेल असं इथे म्हणतायत." आणि फोन ठेवता ठेवता, "या वेळी खरं सांगतोय गं."

खरं बोलणाऱ्याला असं सांगावं लागत नाही, असं मला वाटलं. आणि ह्यांच्यावर ही वेळ आली याचं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं.

सासऱ्यांना सांगितलं. ते अंगणात गेले. घाटाच्या कड्याकडे बघितलं, मग मावळतीकडे बघितलं. आभाळात डाग नव्हता. चांदणी निघाली होती, आणि वारा इतका पडलेला की तुळशीपुढची वात सरळ उभी होती. आमच्याकडे पाऊस कुठून येणार, कधी येणार हे लोक त्या कड्याकडे बघून सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. सासरे वळले आणि म्हणाले, "घाटात पाणी पडत असतं तरी एसटी येते. चार मजली जहाज वाऱ्याला भितं व्हय?" मी म्हटलं, "बाबा, ते चौदा मजली आहे." "मग तर भ्यायचं कारणच नाय," ते म्हणाले. आणि खाली बसून, जोडे काढता काढता, कुणाकडेही न बघता म्हणाले, "त्याला यायचंच नव्हतं."

सासूबाई चुलीपाशी रडल्या. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते ठरेना.

सकाळी सदरा खुंटीवर तसाच होता. जीपवाल्याला मी नको म्हणून कळवलं होतं. ऊन लख्ख पडलेलं. सासूबाई डोक्याला फडकं बांधून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "चल गो. पोर बोललाय उचला, तर उचलू." सासरे ओटीवर बसून म्हणाले, "ओलं भात बांधाल तर उडवीत ऊब धरंल. मग बसा वास घेत." उडवी म्हणजे भाऱ्यांची रचलेली रास. अर्धवट वाळलेलं भात तिच्यात दाबलं की आतून तापतं आणि दाणा जातो, तेव्हा त्यांचं बोलणं खरंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुमी नका येऊ." ते म्हणाले, "मी येतच नाय."

आम्ही दोघीच गेलो. आजूबाजूला सगळीकडे भात निवांत पसरलेलं, माणसं नव्या शेतात कापणी करतायत, आणि आम्ही दोन बायका भर उन्हात भारे बांधतोय. शेजारच्या बांधावर सासऱ्यांचे चुलतभाऊ होते, आमचे काका. जीभ जन्मापासून कोयत्यासारखी. ते ओरडले, "काय गो वहिनी, जहाज कुठं गेलं?" सासूबाईंनी हातातला भारा आवळला. मी सांगितलं, वादळामुळे रद्द झालं. ते आभाळाकडे बघून इतके हसले की त्यांच्याकडचे मजूरही हसले. तेवढ्यात त्यांना आमच्या घराखालच्या वाटेवर सासरे दिसले. न येणारे सासरे पाण्याची कळशी घेऊन येत होते. काका त्यांना म्हणाले, "काय रे, पोरानं गंडवलं वाटतं तुला! हितं ऊन पडलंय नि त्याच्याकडं वादळ!"

आदल्या संध्याकाळी सासरे अगदी हेच बोलले होते. मला वाटलं, आता ते मान डोलावतील. मी खाली बघायला लागले.

सासऱ्यांनी कळशी बांधावर ठेवली. "माझा पोर दर्यात हाय," ते म्हणाले. "त्याला तिथनं दिसतं ते तुला हितनं दिसंल का? तू आयुष्यात मुरबाडच्या पुढं गेला नायस." आणि अंगातली बंडी काढून त्यांनी पहिला भारा उचलला.

उचलला खरा, पण मग थांबता येईना. सगळं शिवार बघत होतं. भारे वाहता वाहता ते माझ्याजवळून जायचे तेव्हा पुटपुटायचे, "वादळ म्हणं. येऊ दे घरी, दाखवतो वादळ." आणि काकांच्या बांधापाशी गेले की मोठ्यांदा म्हणायचे, "आवरा रं तुमी पण, मागनं रडू नका!" संध्याकाळपर्यंत शेत रिकामं झालं. उडवीवर ताडपत्री टाकून त्यांनी ती दोरीने अशी आवळली की म्हशीलाही कधी तसं बांधलं नसेल.

पाऊस आला नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मावळतीकडे पातळ ढग आले, पिंजलेल्या कापसासारखे, आणि विरून गेले. वादळ किनाऱ्याकडे वळलंच नाही, समुद्रातूनच उत्तरेकडे निघून गेलं. काकांचं भात छान वाळलं. आमच्या उडवीत हात घातला तर आतून कोमट लागत होतं. ती पुन्हा मोडून सगळं भात पुन्हा पसरावं लागलं, म्हणजे एकच काम दोन वेळा. येणारा जाणारा विचारी, "काय, पडला का पाऊस?" मला तर दळण आणायला जायची लाज वाटायला लागली.

भात पसरत असताना काका परत बांधावर आले. या वेळी हसतही नव्हते, मजेत विडी ओढत होते. "मग? पाऊस?"

सासरे वाकलेले होते. कंबरेवर हात देऊन सरळ झाले आणि शांतपणे म्हणाले, "पडला ना. तिकडं पडला."

त्यात राग नव्हता, थट्टा नव्हती. काका विडी विझवून आपल्या शेताकडे वळले. मी नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. लोकांच्या हसण्याला लाजले याची मला लाज वाटली, पण त्याहून जास्त हलकं वाटलं.

दुपारी ह्यांनी पाठवलेला व्हिडिओ आला. वादळात सिग्नल नव्हता म्हणून उशिरा पोचला. जहाजाची लांब गल्ली एकदा या बाजूला कलत होती, एकदा त्या बाजूला. कठड्याला जागोजागी उलटीसाठी कागदी पिशव्या अडकवलेल्या. लाँड्रीत चादरींची गाडी आपोआप चालत जाऊन भिंतीला आपटत होती, आणि हे एका खांबाला मिठी मारून उभे, तोंड पांढरंफटक. मी फोन घेऊन शेतात पळत गेले. "बाबा, हे बघा! खरंच वादळ होतं!"

त्यांनी हात झटकला. "ठेव ते. मी इचारलं का तुला?" आणि पुन्हा वाकले. मी तो फोन सासूबाईंना दाखवला, आणि ह्यांचं तोंड बघून त्या परत रडल्या.

त्या दिवशी संध्याकाळी सासरे म्हणाले, "नवं आजच करा. किती दिस तांदूळ नुसतं बघायचं?" सासूबाईंनी भाकऱ्या थापल्या, वालाची आमटी केली, नवा भात टाकला. घरभर वास सुटला. चार पानं वाढा, असं सासऱ्यांनीच सांगितलं. तीन आमची, आणि एक रिकाम्या पाटापुढे. आम्ही बसलो आणि ते मला म्हणाले, "फोन लाव त्याला."

लावला. ह्यांनी उचलल्यावर मी नेहमीप्रमाणे स्पीकर लावून फोन सासूबाईंकडे केला, तर सासऱ्यांनी डावा हात पुढे केला. गणपतीपासून तो हात फोनकडे आला नव्हता. त्यांनी फोन धरला, आणि हॅलो वगैरे न म्हणता विचारलं, "तिकडचा पाऊस थांबला का रे?"

हे म्हणाले, "हो बाबा. थांबला." आवाज ओला होता. "बाबा, भात... उचललंत?"

"उचललं. आता जेवायला काय हाय तुझ्याकडं?"

"पाव आहे."

"मग त्याचा तुकडा मोड. आमी नवं घेऊन बसलोय, हात आवरून. तुझ्यासाठी खोळंबलोय."

आम्ही तिघं ताटावर हात धरून बसलेलो. सासूबाईंच्या डोळ्यांचं पाणी हनुवटीवर आलं होतं, पण उष्टा नसला तरी हात भाताला लागलेला, पुसणार कसं.

"घास घेतलास?" सासऱ्यांनी विचारलं.

"घेतला, बाबा."

मग त्यांनी आपला घास तोंडात घातला, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही दोघींनी.